बंदर आपलं होईल, पण पलीकडच्या बंदराचं काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

वाढवण बंदरावरचा आपला लेख वाचला. ७६,२०० कोटींचा खर्च, ऑगस्ट २०२४ मध्ये झालेली पायाभरणी, खोल पाण्यात लागणारी मोठी जहाजं, सगळं त्यात आलंय. बंदर झालं की लहान कारखानदाराचा मालही जगात कुठंही स्वस्तात जाईल, असा लेखाचा सूर होता. तिथं मी अडखळले, म्हणून हे पत्र.

सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका छोट्या कारखान्यात मी एक्स्पोर्टची कागदपत्रं बघते. २००१ साली टायपिस्ट म्हणून लागले. पुढं शिपिंग बिल, पॅकिंग लिस्ट, बीएल (बिल ऑफ लेडिंग, जहाज कंपनी देते ती मालाची पावती) हे सगळं चुका करत शिकले. आम्ही हापसे बनवतो. शाळेच्या आवारात, वेशीजवळ दिसतो तोच, इंडिया मार्क टू. त्याचं मूळ आपल्याकडचंच आहे. जालन्यातल्या मिशनच्या लोकांनी केलेला लोखंडी पंप, त्यात सुधारणा होऊन सोलापुरात तयार झालेला पंप आणि सत्तरच्या दशकात युनिसेफच्या साथीनं त्यावरूनच घडलेला हा मार्क टू. युगांडात त्याला यू-टू म्हणतात. आमची दोन मोठी गिऱ्हाइकं आहेत, एक कंपालाला, दुसरं झांबियात लुसाकाला. दोन्ही देशांना समुद्र नाही.

समुद्र सोलापूरलाही नाही, असं मला आमचे मालक एकदा म्हणाले होते. खरं आहे. पण न्हावा शेवाहून सोलापूरला येणारी एखादी पेटी, म्हणजे कंटेनर, डोळ्यापुढं आणा. चारशे किलोमीटरचा रस्ता. समजा लोणावळ्यापुढं एक परका देश लागतो आणि टेंभुर्णीपुढं दुसरा. प्रत्येकाच्या कस्टमला बाँड द्यायचा, की हा माल वाटेत विकणार नाही, नुसता पलीकडं नेणार आहे. गाडीला विमा त्यांचा, वजनकाटे त्यांचे, रांगही त्यांचीच. माल उतरला की रिकामी पेटी ठरलेल्या दिवसांत परत उरणला पोचवायची, नाहीतर शिपिंग लाइनचं मीटर चालूच. असं असतं तर सोलापुरात बाहेरून आलेली कुठली वस्तू परवडली असती?

लुसाकाला जायला निदान चार बंदरं आहेत. दक्षिण आफ्रिकेतलं डर्बन, मोझांबिकमधलं बैरा, टांझानियातलं दार-ए-सलाम आणि पश्चिमेकडून नामिबियातलं वॉल्व्हिस बे. नकाशावर पट्टी ठेवली तर बैरा सगळ्यांत जवळ, हरारेमार्गे हजार-अकराशे किलोमीटर. दार-ए-सलामहून जवळपास दोन हजार, डर्बनहून त्याहूनही जास्त. मग बैराच घ्यावं ना? पण बैराच्या खाडीत गाळ साचतो, सतत उपसावा लागतो, म्हणून मोठी जहाजं तिथं शिरत नाहीत. पेटी मध्येच कुठंतरी उतरवून छोट्या जहाजात चढवतात, आणि ते छोटं जहाज कधी येईल ते त्याच्या मर्जीवर. शिवाय त्या रस्त्यावर दोन सीमा. मोझांबिकमधून झिंबाब्वेत शिरायचं, मग चिरुंडूला झांबियात. चिरुंडूला दोन्ही देशांची तपासणी एकाच ठिकाणी होते, २००९ पासून, आफ्रिकेतलं तसलं पहिलंच ठाणं ते. तरी सीमा ती सीमाच. दार-ए-सलामहून रस्ता दुप्पट, पण सीमा एकच, टांझानिया-झांबियामधली तुंदुमा-नाकोंदे. तिथं ट्रकच्या रांगा किती लागतात ते तिकडच्या ड्रायव्हरांना विचारावं. डर्बनचं बंदर मोठं, कामाला सरावलेलं; पण जुलै २०२१ ची दंगल आणि एप्रिल २०२२ चा पूर, दोन्ही वेळा रस्ताच बंद झाला होता. दारहून कापिरी म्पोशीपर्यंत चिन्यांनी बांधलेली १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे आहे. स्वस्त वाटते. मात्र ती लुसाकापर्यंत जातच नाही, आणि वॅगन कधी मिळेल या आशेवर बसायला आमच्या गिऱ्हाइकाला वेळ नसतो.

वेळ नसतो, याचंही कारण आहे. झांबियात नोव्हेंबरात पाऊस लागतो तो मार्च-एप्रिलपर्यंत. बोअर मारायची गाडी कोरड्या दिवसांतच खेड्यात शिरू शकते. आमचे पंप डिसेंबरात पोचले तर सरळ गोडाऊनमध्ये जाऊन पडतात आणि गावातल्या बायका आणखी एक हंगाम ओढ्याचं पाणी भरतात.

असं एकदा माझ्या हातून झालंय. काही वर्षांपूर्वी खंडेनवमीचा दिवस होता. शॉपमध्ये लेथला झेंडूच्या माळा, पूजा आटोपून पेढे वाटणं चाललं होतं. फॉरवर्डरनं, म्हणजे जहाजाची जागा ठरवून देणाऱ्या एजंटानं, बैराचा दर दारपेक्षा बराच कमी दिला होता, मालक खूश. बीएलचा मसुदा मेलवर आला. पोर्ट ऑफ डिस्चार्ज, म्हणजे माल उतरायचं बंदर, बैरा, बरोबर. त्याच्या खालची चौकट, प्लेस ऑफ डिलिव्हरी, म्हणजे माल शेवटी पोचवायचं ठिकाण, कोरी. ‘इन ट्रान्झिट टू झांबिया’, म्हणजे माल नुसता इथून पुढं झांबियाला जाणार, ही ओळ कुठंच नाही. कन्साइनीच्या, म्हणजे माल घेणाऱ्याच्या, पत्त्यात लुसाका होतं, तेवढ्यावर भागेल असं मला वाटलं. हातातला पेढा संपवला आणि ‘ओके’ लिहून पाठवलं.

बैराला ती पेटी मोझांबिकमध्येच विकायचा माल म्हणून नोंदली गेली. ट्रान्झिटचा ट्रक तिला हात लावू शकेना. बीएल दुरुस्त करायला तिन्ही ओरिजिनल परत द्यावी लागतात, आणि ती तोवर कुरिअरनं लुसाकाला पोचलेली. ती परत येणार, नवी निघणार, तिकडची नोंद बदलणार. फ्री डेज, म्हणजे पेटी बिनभाड्यानं वापरायचे दिवस, मागून घेतलेच नव्हते, लाइननं ठेवलेले सातच. डिटेन्शनचं, म्हणजे पेटी जास्त दिवस अडकवल्याच्या दंडाचं, बिल आलं ते समुद्रभाड्यापेक्षा मोठं. पेटी लुसाकाला पोचली नाताळच्या आठवड्यात. फॉरवर्डर म्हणाला, मॅडम, ड्राफ्ट तुम्हीच अप्रूव्ह केला होता. केलाच होता. त्यानं कोरी चौकट पाठवायला नको होती हेही तितकंच खरं, पण तो वाद मी जिंकून उपयोग काय?

तेव्हापासून आमच्याकडं समुद्रभाडं शेवटी विचारलं जातं. आधी लुसाकाला फोन. या आठवड्यात नाकोंदेला गाड्या किती दिवस थांबतायत? चिरुंडूला? तांबं घेऊन दारला उतरलेले ट्रक परतीला माल शोधतायत का? पेटी लुसाकापर्यंत न्यायची, की दारलाच फोडून पाइपांचे बंडल ट्रकवर चढवायचे? हा शेवटचा प्रश्न मला फार उशिरा सुचला. आमचे पाइप तीन मीटरचे, जस्ताचा मुलामा दिलेले, पावसात भिजले तरी बिघडत नाहीत. त्यांना पेटीत बसवून दोन हजार किलोमीटर न्यायची आणि मग ती पेटी रिकामी तेवढ्याच लांब परत पाठवायची गरजच काय? पंपाची डोकी आणि सिलिंडर मात्र पेटीतच बरे. आणि फ्री डेज बुकिंगच्या आधी मागायचे, एकवीस तरी. नंतर मागितले तर कुणी देत नाही.

कंपालाचं त्या मानानं सोपं. केनियातल्या मोंबासा बंदरापासून कंपाला साधारण अकराशे-बाराशे किलोमीटर, मलाबाला एक सीमा, आणि २०१४ पासून युगांडाचा कर माल मोंबासातून निघायच्या आतच भरला जातो. तरी ज्यांनी जानेवारी २००८ बघितलाय त्यांना सोपं हा शब्द जपून वापरावासा वाटतो. केनियात निवडणुकीनंतर दंगली पेटल्या, रस्ते अडले, रूळ उखडले आणि कंपालात पेट्रोलचे वांधे झाले. दंगल एका देशात, पेट्रोलपंप बंद दुसऱ्यात. आमच्या गिऱ्हाइकानं तेव्हापासून दार-ए-सलामचा लांबचा रस्ता कागदावर तयार ठेवलाय. वर्षाला एखादी पेटी मुद्दाम तिकडून मागवतो, ओळख राहावी म्हणून. मला सुरुवातीला तो उधळेपणा वाटायचा.

माझं म्हणणं एवढंच आहे. निर्यातीच्या प्रशिक्षणाला मी तीनदा जाऊन आले. आयईसी कोड, म्हणजे आयात-निर्यातीचा नोंदणी क्रमांक, कसा काढायचा, ड्रॉबॅक, म्हणजे निर्यातीवर परत मिळणारा कर, कसा मिळवायचा, सगळं शिकवतात आणि जहाज सुटलं की वर्ग सुटतो. त्यात एक दिवस वाढवावा. त्या दिवशी भाषण नको. कोरी चौकट असलेला एक बीएल फळ्यावर लावावा आणि समोरच्या पोरांना विचारावं, बाळांनो, यात काय राहिलंय? दुपारी फोनच्या स्पीकरवर तिकडचा एखादा क्लिअरिंग एजंट घ्यावा. हिंदीत बोलणारे तिथं पुष्कळ आहेत. फळ्यावर लावायला बीएल लागला तर माझा आहे, जपून ठेवलाय.

कळावे,
आपली एक वाचक,
चिंचोळी एमआयडीसी, सोलापूर