गोदामातली शाळा

संपादक महोदय,

रविवारच्या पुरवणीतला लंडनवरचा लेख वाचला. राजवाडा, टॉवर ब्रिज, मेणाचे पुतळे सगळं आलं. पण मुलीकडे गेले असताना मी दोनदा जाऊन पाहिलेली इमारत त्यात नव्हती, म्हणून हे पत्र.

लंडनच्या पूर्वेकडच्या, तेव्हा गरिबांच्या वस्तीच्या ईस्ट एंडमध्ये कॉपरफील्ड रोडवर, रीजंट्स कालव्याला पाठ लावून विटांची तीन गोदामं उभी आहेत. १८७७ साली थॉमस बार्नार्डो यांनी तिथे गरीब मुलांसाठी मोफत शाळा काढली. मूळचे डब्लिनचे. डॉक्टरी शिकून मिशनरी म्हणून चीनला जायचं, या इराद्याने १८६६ मध्ये ते लंडनला आले. त्याच वर्षी पटकीने ईस्ट एंडमध्ये हजारो माणसं दगावली, आणि चीन राहूनच गेला.

अशा शाळांना 'रॅग्ड स्कूल' म्हणत, म्हणजे चिंध्या घातलेल्या पोरांची शाळा. १८७० च्या कायद्याने सरकारी बोर्डाच्या शाळा निघाल्या खऱ्या, पण आठवड्याला काही पेन्स फी असे. ती बहुतेक ठिकाणी सुटली १८९१ मध्ये. तोवर हातावर पोट असलेल्यांना ते काही पेन्सही जड. इथे फी नव्हती, वर पोटाला मिळायचं. खेळायला मैदान कुठलं? गोदामाचं तळघर.

बार्नार्डो काही संत नव्हते. मुलांचे आपल्याकडे येण्याच्या 'आधी' आणि 'नंतर' असे फोटो विकून ते पैसे उभे करत. मुलं अधिक फाटकी दाखवल्याचा आरोप झाला आणि १८७७ मध्येच त्यांना लवादापुढे जावं लागलं. फोटोंवरून कानउघाडणी झाली, बाकी बरेचसे निभावले.

१९०८ मध्ये शाळा बंद झाली. पुढे इमारत पाडायची वेळ आली तेव्हा स्थानिक लोक आडवे आले, आणि १९९० पासून तिथे संग्रहालय आहे. त्यात जुना वर्ग मांडलाय: अरुंद बाकं, पाट्या, फळा. त्या काळच्या वेषातल्या बाई आल्या आणि हात पुढे करायला लावून आमची नखं तपासू लागल्या. तीस वर्षं मी हेच करत आले, तरी माझे हात आपसूक पुढे गेले!

पुण्याचा भिडेवाडा २०२३ च्या डिसेंबरात पाडला. फुले दांपत्याने १८४८ मध्ये तिथेच मुलींची शाळा काढली होती. वाडा पार मोडकळीला आला होता, मान्य. आता स्मारक व्हायचंय. त्यात पुतळे, भित्तिचित्रं येतीलच. सोबत निदान एक खोली तरी बसकरं अंथरलेली, पाट्या मांडलेली असावी, आणि तिथे मुलींना बसू द्यावं.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा