पोळपाट पुढं सरकवणाऱ्या मावशीस

मावशी,

तुला वाचता येत नाही, म्हणून आधी तुझ्या नातीला सांगतो: एकही ओळ गाळू नको, आणि लाजू पण नको.

यवतमाळ जिल्ह्यातल्या त्या बालगृहात मी आठ वर्षं काढली. खायला मिळालं, शाळा मिळाली, ते नाकारत नाही. पण पंधराव्या वर्षी कुणीतरी माझी वही उघडली. तिच्यात एका मुलाचं नाव होतं. दुसऱ्या दिवशी माझी गादी मोठ्या खोलीतून ऑफिससमोरच्या व्हरांड्यात आली. 'बाकीची पोरं बिघडतील' म्हणे. त्या मुलाला तर यातलं काही माहीतही नव्हतं. पोरं मला बायल्या म्हणू लागली. सूचनापेटी होती, हो, पण अधीक्षकांच्या दाराला लागून. आणि कुणाचं अक्षर कसं, हे सगळ्यांना ठाऊक. बालकल्याण समितीचे लोक येत, कुणी मारतं का विचारत. मारलं नव्हतंच कुणी.

तू काहीच विचारलं नाहीस. दोन दिवस माझं ताट तसंच परत आलं, तिसऱ्या दिवशी पोळपाट पुढं सरकवलास. दारातून एक पोरगा हसला, तर मान वर न करता म्हणालीस, "पोई गोल झाली पाह्यजे. कोन लाटते त्याचं तुले काय करा लागते?" माझी काही गोल झाली नव्हती, खरं सांगायचं तर.

मग 7 सप्टेंबर 2018. पोळा दोन दिवसांवर आलेला, तू पुरणाची डाळ निवडत बसलेली. अधीक्षकांचं वाचून झालेला पेपर स्वयंपाकघरात आला की तो तुला वाचून दाखवायचं काम माझं. आदल्या दिवशी सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायाधीशांनी एकमतानं 377 कलमाबद्दल निकाल दिला होता: दोन सज्ञान माणसांनी, दोघं पुरुष असले तरी, राजीखुशीनं एकत्र येणं गुन्हा नाही. वाचता वाचता माझा आवाज फाटला. तू डाळीतला खडा काढून बाजूला टाकलास.

"म्हंजे आता पोलीस नाई नेत ना कोनाले?"

"नाही."

"मंग रड्याचं काय हाय त्यात?"

त्याच आठवड्यात तू ऑफिसात जाऊन सांगितलंस की व्हरांड्यात साप निघते, पोराले काही झालं तर मी खोटं बोलनार नाई. गादी परत आत आली. साप मात्र मी आठ वर्षांत एकदाही पाहिला नाही.

अठरा पूर्ण झाली आणि 2021 च्या जूनमध्ये मी बाहेर पडलो. बालगृहातून सुटलेल्यांना एकवीसपर्यंत राहायला अनुरक्षणगृहाची सोय कायद्यात आहे, पण पुन्हा रांगेतल्या गाद्या म्हटल्यावर माझा धीर झाला नाही. तू वर्ध्याच्या नणंदेचा पत्ता नातीकडून चिठ्ठीवर लिहून घेतलास. तिनं तीन महिने भाडं घेतलं नाही.

यंदा पोळ्याला येतो. दोघं येतो. डाळ निवडून ठेव, पुरणपोळ्या मी लाटीन.

तुझा,
व्हरांड्यातला