आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र : पुरावा आमच्या बायकांनी दिला, तपासणी कुठे आहे?

माननीय आरोग्यमंत्री महोदय,

सादर नमस्कार.

माझ्या आक्काला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर निघाला आहे. वय 46, तिसरी स्टेज. केमो आणि शेक (रेडिएशन) दोन्ही चालू आहेत. बायोप्सीचा रिपोर्ट आला त्याच आठवड्यात गावात फलक लागला : कर्करोग तपासणी शंभर टक्के पूर्ण.

ती तपासणी कशी झाली ते ऐका. आशाताईंनी ओसरीवर बसून फॉर्म भरला. दोन पाळ्यांच्या मध्ये रक्त जातं का, संबंधानंतर जातं का, असे प्रश्न होते आणि सासरे शेजारीच खाटेवर बसले होते. आक्काने नकारार्थी मान हलवली, 'नाही'वर टिक झाली. खरं तर तेव्हा कितीतरी महिने तिच्या अंगावरून जात होतं. मी आशाताईंना बोल लावत नाही. त्यांना ना आडोशाची खोली दिलेली, ना आत नेऊन तपासणारी नर्स.

पाव्हणेरावळे विचारतात, घराण्यात कुणाला होता का? तिच्या मुलींची सोयरीक आत्ताच अडायला लागली आहे. म्हणून इथे स्पष्ट लिहिते, हा आजार बहुतेक वेळा रक्तातून आलेला नसतो. एचपीव्ही नावाच्या विषाणूची लागण होते. बहुतेक बायकांच्या अंगातून तो वर्ष-दोन वर्षांत निघून जातो. जिच्यात ठाण मांडतो, तिथे त्याची ई-6 आणि ई-7 ही दोन प्रथिनं पेशीचे राखणदारच निकामी करतात : पी-53 आणि आरबी. मग पेशी थांबायचं विसरते, जनुकांतल्या चुका साचत जातात. तरी कॅन्सर व्हायला साधारण दहा-पंधरा वर्षं लागतात. दहा-पंधरा वर्षं, साहेब! तेवढ्या काळात पिशवीच्या तोंडाला पातळ अ‍ॅसिटिक आम्ल लावलं, तर बिघडलेली जागा मिनिटभरात पांढरी पडते. बऱ्याचदा तिथल्या तिथे गोठवून किंवा भाजून ती काढता येते.

हे मी कुठून ऐकीव सांगत नाही. 1999 पासून आमच्याच धाराशिव, म्हणजे तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात 52 गावगटांतल्या 1,31,746 बायकांवर अभ्यास झाला. 2009 मध्ये निष्कर्ष जगापुढे आले : एकदाच एचपीव्ही तपासणी झालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळपास निम्म्यावर आले. जगातले डॉक्टर तो अभ्यास वाचतात. आमच्या बायकांनी पुरावा दिला, आणि त्याच जिल्ह्यातली माझी बहीण तिसऱ्या स्टेजला सापडते. याचं उत्तर कोण देणार?

2016 मध्ये केंद्राने लिहून दिलं की तिशीनंतर दर पाच वर्षांनी प्रत्येक बाईच्या पिशवीच्या तोंडाची तपासणी होईल. त्यानंतरच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या 30 ते 49 वयाच्या शंभरातल्या दोन बायकांचीसुद्धा ती कधी झालेली नव्हती. देशात दरवर्षी पाऊण लाखावर बायका या कॅन्सरने मरतात.

आणि शेजारच्या बीडमध्ये काय झालं? ऊसतोड बायकांच्या पाहणीत 82 हजारांपैकी 13 हजारांवर बायकांच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. कित्येकींना कॅन्सरचीच भीती घातली होती. म्हणजे पिशवी कापायला डॉक्टर मिळतो, टेबल मिळतं, सावकार कर्जही देतो. पिशवी वाचवणाऱ्या तपासणीला मात्र ना माणूस, ना खोली. आमच्या बाईचं शरीर तुमच्या व्यवस्थेला फक्त कापण्यापुरतं आणि फॉर्मपुरतं दिसतं का?

आक्काला रात्री उठून बसावं लागतं. लघवीला आग होते, जुलाब थांबत नाहीत. थोरली मुलगी कॉलेज सोडून घरी बसली आहे. हे कुठल्या रकान्यात लिहायचं?

उपकेंद्रात पडदा लावलेली खोली आणि शिकवलेली नर्स द्या. ग्रामीण रुग्णालयात एचपीव्ही तपासणी आणि तिथेच उपचार सुरू करा. आणि शंभर टक्क्यांचे फलक उतरवून तालुकावार आकडे जाहीर करा : प्रत्यक्ष आत नेऊन किती बायका तपासल्या, किती जणींना दोष निघाला, त्यातल्या किती जणींवर उपचार झाले. आमच्या तालुक्याचा आकडा मला लेखी हवा आहे.

आपली,
कळंब तालुक्यातील एका रुग्णाची धाकटी बहीण