रेसवाल्या काकांना, जाहीर आभार

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

फोनवर आभार मानायला घेतले की तुम्ही "जेवण झालं का?" विचारून विषय बदलता, म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे. चारचौघांत लिहायचं आणखी एक कारण आहे. गोकुळपेठेत आपल्या गल्लीत तुमची ओळख 'रेसवाले काका' अशी होती आणि ते म्हणताना लोकांचा आवाज जरा खाली जायचा. रेल्वेतली सगळी नोकरी मुंबईत काढलेला माणूस नागपूरला येतो आणि सामानात ट्रंकभर रेसबुकं, म्हणजे शर्यतींच्या माहितीच्या पुस्तिका, निघतात, म्हणजे नक्की घर बुडवून आला असणार, असा लोकांचा हिशेब. तुम्ही कधी खुलासा केला नाहीत. आता मी करते. महालक्ष्मी रेसकोर्सच्या टोटच्या, म्हणजे पैसे लावायच्या, खिडकीवर काका ठरलेली किरकोळ रक्कम लावायचे, ती संपली की उरलेल्या शर्यती फुकट पाहायचे. घर त्यांनी पगारातून बांधलं आणि काकू ते मजेत सांगायच्या. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने घोड्यांची शर्यत हा कौशल्याचा खेळ ठरवला, याचं तुम्ही मोठं कौतुक सांगत होता तेव्हा काकूच म्हणाल्या होत्या, "कौशल्य घोड्याचं न् जॉकीचं. तुमचं काय त्यात?"

मी तुमच्याकडे आले ती सेमिनरी हिल्सच्या व्हेटर्नरी कॉलेजात शिकत असताना. गाई, म्हशी, शेळ्या भरपूर पाहायला मिळत होत्या. घोडा मात्र आमच्या वाट्याला यायचा तो बहुतेक पुस्तकातून, नाहीतर वरातीची झूल पाठीवर घेऊन. मला शर्यतीच्या घोड्यांवर काम करायचं होतं आणि ते नागपुरात बसून कसं शिकायचं, हे सांगणारं कोणी नव्हतं. तुम्ही मोबाईलवर एक शर्यत लावलीत, आवाज बंद केलात आणि म्हणालात, "पुढचा घोडा कोणीबी पाह्यते. तू पाचव्या नंबरचा पाह्य." मग मी जॉकीकडे बघत बसले तर वर ऐकवलंत, "त्याचा हात काय पाहून राहिली? घोड्याचे कान पाह्य."

पाचव्या नंबरचा घोडा का, ते कळायला वेळ लागला. आमच्या वडिलांना तुम्ही ते शंकरपटाच्या, म्हणजे बैलजोड्यांच्या शर्यतीच्या, भाषेत समजावलं होतंत. पटात जोडी सरळ दाणीवर, म्हणजे पटाच्या धावपट्टीवर, घड्याळाशी पळते, तिथे राखून ठेवण्यासारखं काही नसतं. डर्बी ही घोड्यांची मानाची शर्यत २४०० मीटरची असते, वळणाची असते आणि अडीच मिनिटांच्या आसपास चालते. भरधाव पळणारा घोडा एका झेपेला एकच श्वास घेऊ शकतो, तो त्याच्या पायांच्या तालाशी बांधलेला असतो. सुरुवातीलाच तोंड ओढून पुढे धावू पाहणारा घोडा तो श्वास खर्च करून बसतो. पाचव्या नंबरवर कान सैल ठेवून, लगाम न ओढता निघालेला घोडा मात्र शेवटच्या ४०० मीटरसाठी शिल्लक ठेवून पळत असतो. हे मला श्वसनसंस्थेच्या धड्यात सापडलं, पण तुम्ही सांगितल्यानंतर.

मग ट्रेनरांची पाळी. ट्रेनरबद्दलचं तुमचं एक मत मी तेव्हा विक्षिप्त समजत होते. ट्रेनर किती शर्यती जिंकला यापेक्षा कोणत्या शर्यतीत त्याने घोडा उतरवला नाही, ते विचारा, असं तुम्ही म्हणायचात. फ्रँकेल या इंग्लंडातल्या घोड्याचं उदाहरण तुम्ही त्यावर इतक्यांदा दिलंत की ते मला पाठ आहे. १४ शर्यती, १४ विजय. २०११ च्या एप्रिलअखेरीस न्यूमार्केटला त्याने २००० गिनीज ही १६०० मीटरची शर्यत पहिल्यापासून पुढे राहून ६ लेंग्थनी, म्हणजे सहा घोड्यांच्या लांबीने, मारली. सगळं इंग्लंड एप्सम डर्बीची स्वप्नं बघत असताना त्याचे ट्रेनर सर हेन्री सेसिल यांनी त्याला डर्बीत पळवलंच नाही. डोकं तापट असलेला घोडा, अंतर दीडपट, वर एप्समच्या टॅटनहॅम कॉर्नर या वळणाचा उतार. त्यांनी त्याला १६०० मीटरवरच ठेवलं, शांत व्हायला शिकवलं, आणि पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये यॉर्कला दोन हजार मीटरवर नेलं तेव्हा तो ७ लेंग्थनी जिंकला. सेसिल तेव्हा कर्करोगाने इतके खंगले होते की आवाजही फुटत नव्हता. पुढच्या जूनमध्ये ते गेले. जगातला सर्वांत चांगला घोडा हाताशी आहे, दिवस थोडे उरलेत, आणि माणूस डर्बी सोडून देतो. असं काही बोललात की तुम्ही चष्मा पुसायला घ्यायचात.

त्याच घोड्यावरून आपलं भांडणही झालं. २०११ ला रॉयल ॲस्कॉटच्या सेंट जेम्सेस पॅलेस स्टेक्समध्ये त्याचा जॉकी टॉम क्वीली फार आधी निघाला आणि शेवटी फ्रँकेल जेमतेम पाऊण लेंग्थने वाचला. सगळ्यांनी जॉकीला झोडपलं. तुमचं म्हणणं, पेसमेकर, म्हणजे वेग ठरवायला पुढे सोडलेला घोडा, इतका लांब निघून गेला तर जॉकीने बसून राहायचं का? माझं म्हणणं आजही तेच आहे: हो, बसून राहायचं. पेसमेकर थकायचाच होता.

पुण्याचं सांगायचं राहिलं, आणि खरे आभार त्याचेच आहेत. तुमच्या जुन्या ओळखीतल्या एका ट्रेनरला तुम्ही माझ्यासाठी हाताने चिठ्ठी लिहिलीत. "पोरगी प्रश्न फार विचारते, पण हात हलका आहे." एवढंच. त्या दीड ओळीवर मला पुण्याच्या मोसमात त्यांच्या तबेल्यात उभं राहायला मिळालं. पावसाळ्यातला पुण्याचा मोसम म्हणजे अंधारात सुरू होणारा दिवस. ट्रॅकवर्कच्या, म्हणजे सकाळच्या सरावाच्या, आधी ट्रेनर साहेब एकेका घोड्यापाशी वाकायचे आणि पुढच्या पायाच्या गुडघ्याखाली मागच्या बाजूने हात फिरवत न्यायचे. गुडघ्याखाली घोड्याला स्नायू नसतोच, नुसतं हाड आणि टेंडन. साडेचारशे-पाचशे किलोचं ओझं त्या दोरीवर. एका सकाळी एका घोडीच्या डाव्या पायावर त्यांचा हात थांबला. परत वर गेला, परत खाली आला. मग मोतद्दाराने हात लावून पाहिला, मग मला लावायला सांगितला. मला काही कळलं नाही. उजव्या पायाला हात लाव, म्हणाले, मग परत डाव्याला. तेव्हा कुठे बोटांना डावा पाय किंचित कोमट लागला. सूज नाही, लंगडणं नाही. घोडी रविवारी पळणार होती आणि तिच्यावर मालकाची भारी आशा होती. साहेबांनी तिचं नाव काढून घेतलं. मालकाचा फोन आला तेव्हा ते दोन मिनिटं नुसते "हो सर, हो सर" म्हणत होते, आणि फोन ठेवून त्यांनी पायाला थंड पाण्याची धार लावायला सांगितली. ती घोडी वाचली. मला त्या सकाळी तुमचं ते विक्षिप्त मत पटलं.

आपल्याकडच्या त्रिमुकुटाकडेही, म्हणजे एकाच घोड्याने जिंकायच्या तीन मोठ्या शर्यतींकडेही, मी आता तसंच बघते. डिसेंबरात मुंबईला २००० गिनीज, १६०० मीटर. फेब्रुवारीत डर्बी, २४००. मग सप्टेंबरात पुण्याला सेंट लेजर, २८००. डेझर्ट गॉड या घोड्याने २०१६ मध्ये तो त्रिमुकुट पुरा केला तेव्हा तुम्ही जॉकी सूरज नरेडूपेक्षा ट्रेनर पद्मनाभन यांच्याबद्दल जास्त बोललात. हिवाळ्यात वेगवान असलेला घोडा उन्हाळ्यातून सांभाळून काढायचा आणि पावसाळ्यात दमदार म्हणून उभा करायचा, हे घड्याळात दिसत नाही. ट्रेनर रशीद बैरामजींचा घोडा स्क्वाँडरर १९ शर्यतींत १८ जिंकला, हे तर तुम्ही घरच्या पोराचे मार्क सांगावेत तसं सांगायचात. आणि पेसी श्रॉफ यांनी जॉकी म्हणून १७०० च्या वर शर्यती जिंकून नंतर ट्रेनर म्हणूनही नाव काढलं, याचं तुम्हाला नवल वाटायचं नाही. ज्याला पाठीवरून घोडा कळला त्याला जमिनीवरून कळणारच, म्हणायचात. मला वाटतं हे इतकं सोपं नाही. मोठे जॉकी वाईट ट्रेनर झालेले तुमच्याच रेसबुकांत सापडतात, पेन्सिलीने केलेल्या तुमच्या खुणांसकट.

इंग्लंडचा जॉकी लेस्टर पिगट याच्यावरून मात्र आपलं कधी जमणार नाही. ९ एप्सम डर्बी जिंकलेला माणूस, मान्य. १९६८ ला सर आयव्हर या घोड्यावर तो शेवटपर्यंत गप्प बसला आणि मग एका झपाट्यात निघाला, ते मी शिकणाऱ्या पोरांना दाखवते. पण १९७२ ला रॉबर्टो या घोड्यावर शॉर्ट हेडने, म्हणजे डोक्याएवढ्याहूनही कमी फरकाने, जिंकताना त्याने चाबूक ज्या तऱ्हेने चालवला ते बघून तुम्ही "काय जोर आहे!" म्हणता आणि मला घोड्याची बरगडी दिसते. ब्रिटनमध्ये आता फ्लॅट, म्हणजे अडथळे नसलेल्या, शर्यतीत सहाच्या वर फटके चालत नाहीत. माझ्या मते सहासुद्धा जास्त आहेत. दमलेल्या घोड्याला मारून वेग येत नाही, पावलं वाकडी पडतात, आणि वाकड्या पावलावर टेंडन जातं. तुम्ही म्हणाल, डॉक्टर झाली म्हणून शिकवायला लागली. शिकवणारच.

ऑस्ट्रेलियातल्या मेलबर्न कपाला तुम्ही 'लॉटरी' म्हणता. हॅंडिकॅप शर्यत, ३२०० मीटर, चांगल्या घोड्याच्या पाठीवर वजन घालून त्याला बाकीच्यांच्या पातळीवर आणायचं. यात थोरपण कसलं, थोरपण पॅरिसच्या लाँगशाँ रेसकोर्सवरच्या आर्क शर्यतीचं, असं तुमचं मत. पण २०१५ च्या नोव्हेंबरातल्या त्या मंगळवारी सकाळी साडेनऊला फोन करून "लाव, लाव, शर्यत लाव" म्हणणारेही तुम्हीच होतात. जॉकी मिशेल पेन शंभराला एक भावाच्या प्रिन्स ऑफ पेन्झन्सवर जिंकली, तो कप जिंकणारी पहिली बाई. नंतर तुम्ही बराच वेळ आपल्या चेन्नईच्या जॉकी रूपा सिंगबद्दल बोलत होतात. लॉटरीवर इतकं कोणी बोलत नाही, काका.

लोकांना वाटतं रेस म्हणजे साहेबांचा खेळ, आपला काय संबंध. त्यांच्यासाठी तुमची आवडती गोष्ट इथे देते. बडोद्याचे महाराज प्रतापसिंह गायकवाड यांनी २८,००० गिनी मोजून एक शिंगरू घेतलं आणि त्याचं नाव ठेवलं सयाजीराव. इंग्लंडातल्या सेंट लेजरमध्ये ते पहिलं आलं ते १९४७ च्या सप्टेंबरात, म्हणजे इकडे झेंडा बदलून महिनाही झाला नव्हता. डॉनकास्टरच्या इंग्रज गर्दीने 'सयाजीराव' कसं उच्चारलं असेल, याची नक्कल तुम्ही करायचात. पुढच्या वर्षी महाराजांच्याच माय बाबूने २००० गिनीज मारली. आणि आपली पहिली इंडियन डर्बी, १९४३ ची, जिंकणारी प्रिन्सेस ब्यूटिफुलही बडोद्याचीच.

सध्या माझ्या दवाखान्यात कुत्री जास्त येतात. लग्नसराईत वरातीच्या घोड्या येतात, डांबरावर चालून खूर चिरलेल्या, आणि मी प्रत्येकीच्या गुडघ्याखाली आधी उजवीकडे, मग डावीकडे हात लावते. मालक विचारतात, मॅडम, पाय तर ठीक आहे ना, खूर दाखवायला आणली. त्यातल्या दोघा-तिघांना मी आता हात लावून ऊब ओळखायला शिकवलं आहे. फी घेतली नाही. तुम्ही कुठे घेतली होतीत?

तुम्ही मुलीकडे पुण्याला राहायला गेलात, ट्रंक माझ्याकडे ठेवून. रेसबुकं परत मागू नका, मिळणार नाहीत. आणि एका प्रश्नाचं उत्तर तुम्ही दर वेळी टाळत आला आहात, ते आता सगळ्यांसमोर विचारते: फ्रँकेल २४०० मीटर पळाला असता तर टिकला असता का? मी म्हणते, टिकला असता. पत्राने कळवा, फोनवर तुम्ही जेवणावर जाता.

तुमची,
गल्लीतली व्हेटर्नरी पोरगी