क्रीडा संचालकाला मैदान कधी मिळणार?

महोदय,

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेची पदविका घेतली की महाविद्यालयात क्रीडा संचालक होता येते, असा अनेक तरुण खेळाडूंचा समज आहे. ती पदविका मोलाची आहे, पण ती प्रशिक्षकाची वाट. संचालकपदासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) २०१८ च्या नियमांनुसार शारीरिक शिक्षण किंवा क्रीडाशास्त्रात ५५ टक्क्यांसह पदव्युत्तर पदवी, नेट वा सेट ही राष्ट्रीय वा राज्य पात्रता परीक्षा (किंवा नियमांत बसणारी पीएच.डी.) आणि स्पर्धांमधील सहभागाची नोंद लागते. शिवाय क्षमता चाचणी असते : तिशीपर्यंतच्या पुरुषांना १२ मिनिटांत १८०० मीटर, महिलांना ८ मिनिटांत १००० मीटर. प्रमाणपत्रे जमवताना धावणे सोडू नका.

एवढे करून जिमखान्यात रुजू झालेल्या माणसाच्या वाट्याला मैदान थोडे आणि टेबल जास्त येते. कबड्डीपासून बुद्धिबळापर्यंत प्रत्येक संघाचे पात्रता अर्ज, गुणपत्रिका, प्राचार्यांची सही, साहित्याची दरपत्रके, डेड स्टॉक रजिस्टर (टिकाऊ साहित्याची नोंदवही), प्रवासाची बिले. यात सर्वात घातक चूक पात्रता अर्जात होते. मध्येच अभ्यासक्रम बदललेला किंवा वर्ष वाया गेलेला विद्यार्थी तपासायचा राहून गेला, तर हरकत येते आणि जिंकलेला सामनाही हातचा जातो. म्हणून प्रवेश होताच जुलैत कागद तपासावेत. स्पर्धेच्या आदल्या दिवशी नव्हे.

खरी ओढाताण पावसाळ्यात असते. मुंबईतली मैदाने चिखलात आणि आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा मात्र तोंडावर. दोन आठवड्यांच्या घाईच्या सरावावर मुले निसरड्या मैदानात उतरतात, तेव्हा मांडीचे मागचे स्नायू आणि घोटे दुखावतात. जून-जुलैत सभागृहात किंवा बंदिस्त आवारात आठवड्यातून तीनदा ४०-४५ मिनिटांचा ताकद आणि तोल वाढवणारा व्यायाम घेतला, तर यातल्या कितीतरी दुखापती टळू शकतात. पण कल्याण-विरारहून किट घेऊन पहिल्या लोकलने आलेल्या मुलांसाठी सकाळी सात वाजता तिथे कुणीतरी हवे! संचालक एकटा. त्याने व्यायाम घ्यायचा की अर्ज भरायचे?

अनेक ठिकाणी हे पद रिक्त असते, नाहीतर तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर, भरलेले. तासिकेवरच्या माणसाला सुट्टीतल्या सरावाचे मानधन मिळत नाही आणि पुढच्या वर्षी तो असेलच याची खात्री नसते. पहिल्या वर्षाला आलेला धावपटू तिसऱ्या वर्षी पदकापर्यंत जायचा, तर मधली दोन वर्षे आखणारा माणूस तोच राहायला हवा.

विद्यार्थ्यांकडून जिमखाना शुल्क दरवर्षी घेतले जाते. त्यातून किमान दोन प्रमुख खेळांना हंगामापुरते पदविकाधारक प्रशिक्षक नेमावेत आणि कागदपत्रांसाठी एक लिपिक द्यावा. शुल्क कुठे खर्च झाले, याचा तपशील सूचनाफलकावर लावावा. रिक्त पदे पूर्णवेळ भरण्याचा निर्णय मात्र शासनालाच घ्यावा लागेल, आणि तो पुढील शैक्षणिक वर्ष सुरू होण्याआधी व्हावा.

— महाविद्यालयीन क्रीडा विभागात काम करणारे काही शिक्षक, मुंबई