प्रोसेसर बदला, संगणक कशाला?

महोदय,

घरचा रायझन ३ २२००जी प्रोसेसरचा संगणक रखडतो म्हटल्यावर जळगावच्या एका दुकानदाराने सरळ नवा संच घ्यायला सांगितले. का म्हणून? मदरबोर्ड एएम४ सॉकेटचा, म्हणजे प्रोसेसर बसवायच्या त्या प्रकारच्या खाचेचा, आहे. बोर्डाच्या कंपनीची चालणाऱ्या प्रोसेसरांची यादी पाहून, जुना प्रोसेसर काढण्याआधी बायोस (बोर्डातले, संगणक सुरू करणारे सॉफ्टवेअर) अद्ययावत केले की त्याच खाचेत रायझन ५ ५६००जी बसतो. चाराचे सहा कोअर (प्रोसेसरमधले काम करणारे भाग) होतात. दोन्ही ६५ वॅटचे, म्हणून पॉवर सप्लाय तोच चालतो. ‘जी’ नसलेला नुसता ५६०० मात्र गळ्यात मारून घेऊ नये: त्यात ग्राफिक्स नाही, वेगळे कार्ड नसेल तर स्क्रीन काळीच. आणि खान्देशात मे महिन्यात पारा ४५च्या आसपास जातो, तेव्हा सुकलेली थर्मल पेस्ट (प्रोसेसरची उष्णता कूलरकडे नेणारा लेप) पुसून नवी लावाच. दुकानदारांनी हा पर्याय गिऱ्हाइकाला आधी सांगावा, एवढीच मागणी.

– एक निवृत्त शिक्षक, अमळनेर