दिगूस पत्र: २५ मीटरवरचं छिद्र

प्रिय दिगू,

डिजिटल दुर्बीण बसवलेल्या तुझ्या रायफलीच्या निशाणाचा, तू पाठवलेला फोटो पाहिला. २५ मीटरवर काळ्या ठिपक्याच्या बरोब्बर मधोमध छिद्र, आणि खाली तुझं एकच वाक्य: ‘झिरो झाला!’ म्हणजे नेम धरावा तिथेच गोळी लागेल अशी दुर्बीण जुळली. खरं सांगू? ते मधोमध पडलंय हीच माझी तक्रार आहे. ठिपक्याच्या दोन-तीन सेंटीमीटर खाली पडलं असतं तर तुझी पाठ थोपटली असती. फोनवर सांगायला गेलो तर तू मध्येच तोडतोस, म्हणून लिहूनच काढतो.

दुर्बीण नळीच्या वर बसते, आणि सगळी गोम तिथेच आहे. आपली नजर सरळ जाते. गोळी मात्र त्या रेषेच्या पाच-सात सेंटीमीटर खालून निघते. ती निशाणावर लागायची तर नळीचा रोख नजरेच्या रेषेच्या मानानं किंचित वरच्या दिशेला असावा लागतो. म्हणून गोळी खालून चढत येते, नजरेची रेषा एकदा ओलांडते, काही अंतर तिच्या वरून जाते आणि मग खाली येत ती रेषा पुन्हा ओलांडते. २५ मीटरवर तू जो झिरो केलास तो पहिल्या ओलांडणीचा. दुसरी कुठे होणार हे तू कुठे तपासलंयस?

आकडेच घे. ‘थ्री-ओ-एट’ (.३०८) काडतुसाची, नळीतून साधारण ८०० मीटर प्रतिसेकंद वेगानं निघणारी गोळी धरू. दुर्बिणीचा मध्य नळीच्या मध्यापासून ५ सेंटीमीटर वर असेल आणि २५ मीटरवर नेमका झिरो केला, तर हीच गोळी १०० मीटरवर जवळजवळ ९ सेंटीमीटर वर लागेल आणि २०० मीटरच्या जरा पुढे परत रेषेवर येईल. आता तीच उंची ७ सेंटीमीटर कर. १०० मीटरवर गोळी साधारण १५ सेंटीमीटर वर! शिकारीत एवढ्या फरकानं एक तर गोळी पाठीवरून निघून जाते, नाही तर जनावर जखमी होऊन झाडीत शिरतं, आणि हे दुसरं जास्त वाईट.

तेव्हा पहिलं काम म्हणजे ही उंची मोजणं. मॅन्युअलमधला आकडा तुझ्या माउंटला (दुर्बीण रायफलीवर धरणाऱ्या बैठकीला) लागू नाही, आणि डिजिटल दुर्बिणी मुळात जाडजूड असल्यानं बऱ्याचदा उंच रिंगांवर बसवाव्या लागतात. रायफल रिकामी आहे याची खात्री कर आणि पट्टी लावून नळीच्या मध्यापासून पुढच्या भिंगाच्या मध्यापर्यंत माप घे. दोन-तीन मिलीमीटरची चूक चालेल, दोन सेंटीमीटरची नाही.

मग २५ मीटरवर जायचंच कशाला, असं तू म्हणशील. जायचंच. नव्या माउंटवर बसवलेली दुर्बीण घेऊन थेट १००वर गेलास तर कागदालाच गोळी लागेल याची खात्री नाही, आणि आधी दोन फूट डावीकडे गेली की उजवीकडे हे शोधण्यात काडतुसं संपतात. जवळच्या अंतरावर वाऱ्याचा परिणाम जवळपास नाहीच, म्हणून डावी-उजवी बाजू तिथे छान बसते. बोल्ट (नळीमागचा खिट्टा) काढून नळीतून निशाण पाहायचं, रायफल न हलवता स्क्रीनवर क्रॉसहेअर (नेम धरायची फुली) त्याच निशाणावर आणायचा आणि मगच पहिली गोळी झाडायची. पाठीमागे मातीचा भक्कम बांध हवा. एवढ्या जवळ लोखंडी निशाण अजिबात नको, तुकडे मागे उडतात.

आता तुझ्या लाडक्या ‘एका गोळीत झिरो’बद्दल. डिजिटल दुर्बिणीत फिरवायच्या चकत्या नसतात. क्रॉसहेअर चित्रावर काढलेला असतो आणि झिरो करताना तो सेन्सरवरच्या या पिक्सेलवरून त्या पिक्सेलवर सरकतो, बस. निशाणावर नेम धरून चित्र गोठवायचं, कर्सर छिद्रावर न्यायचा आणि सेव्ह करायचं. युक्ती झकास आहे, गोठवलेल्या चित्रामुळे रायफल हातात हलली तरी बिघडत नाही. पण यंत्राला एवढंच कळतं की छिद्र इथे आहे. ती गोळी तुझ्या रायफलीच्या नेहमीच्या घोळक्यातली मधली होती की कडेची, हे त्याला कुठून कळणार? तीन गोळ्या झाड, तिन्ही छिद्रांचा मध्य पेन्सिलीनं खुणव आणि त्या खुणेला छिद्र समज.

आणि कर्सर त्या खुणेवर नेऊ नकोस, खुणेच्या वर ने. किती वर, हे उंचीवर ठरतं. १०० मीटरचा झिरो हवा असेल तर मघाशी उदाहरणाला घेतलेल्या गोळीसाठी ५ सेंटीमीटर उंचीला सुमारे २ सेंटीमीटर, ७ सेंटीमीटर उंचीला साडेतीनच्या थोडं पुढे. म्हणजे पुढची गोळी नेमाच्या तेवढी खाली लागेल आणि १०० मीटरवर जागेवर येईल. यासाठी एक-एक सेंटीमीटरच्या चौकटी आखलेला कागद लाव. गोठवलेल्या चित्रात चौकटी सरळ मोजता येतात, अंदाजाचं काम राहत नाही. तुझी दुर्बीण झिरोचं अंतर विचारत असेल तर तिथे काय भरायचं हे मॅन्युअलमध्ये नीट वाच. बॅलिस्टिक कॅल्क्युलेटर (कुठल्या अंतरावर गोळी किती खाली येईल ते काढणारी सोय) त्याच आकड्यावर पुढचा सगळा हिशेब करतो. २५वर खाली पाडलेल्या झिरोला ‘२५’ असं लिहिलंस तर तो शंभराच्या पुढे तुला फसवणार.

बारकाईचं म्हणशील तर यंत्र आपल्यापेक्षा कितीतरी पुढे आहे. सेन्सरचा पिक्सेल २ मायक्रॉनचा आणि भिंगाचं नाभीय अंतर ५० मिलीमीटर असेल, तर कर्सरची एक पायरी १०० मीटरवर ४ मिलीमीटर आणि २५वर अवघी १ मिलीमीटर. पण ‘थ्री-ओ-एट’चं छिद्रच मुळी पावणेआठ मिलीमीटरचं असतं. अर्ध्या छिद्राइतका घोटाळा २५वर झाला की १००वर तो चौपट होतो, म्हणजे दीड सेंटीमीटरच्या वर. जवळचा झिरो हा फक्त अंदाज असतो, तो यामुळे.

एका बाबतीत मात्र डिजिटलवाले सुखी. साध्या दुर्बिणीत जवळच्या अंतरावर डोळा जरा इकडे-तिकडे झाला की क्रॉसहेअर निशाणावरून सरकल्यासारखा दिसतो. इथे क्रॉसहेअर आणि चित्र एकाच पडद्यावर असल्यानं ती भानगड नाही. फोकस मात्र नीट लाव, नाहीतर झूम वाढवल्यावर छिद्राची कडच दिसत नाही. नुसते फुगलेले पिक्सेल दिसतात. आणि स्क्रीनवर कल दाखवणारी रेषा असेल तर तिच्याकडे लक्ष असू दे. दुर्बीण तिरकी बसली असेल तर जवळ ते कळत नाही, लांब गेल्यावर गोळ्या एका बाजूला सरकत जातात.

हे सगळं दिवसाचं झालं. रात्रीचा मोड वेगळा तपास. बऱ्याच दुर्बिणींत दिवसा सेन्सरपुढे इन्फ्रारेड अडवणारी काच असते आणि रात्री ती बाजूला सरकते. काहींमध्ये त्यानं चित्र किंचित हलतं. इन्फ्रारेड टॉर्च जवळून पूर्ण जोरात लावलास तर पांढरा कागद नुसता लखलखेल, तेव्हा जोर कमी कर. गंमत म्हणजे कागदावरचा काळा ठिपकाच कधीकधी गायब होतो! इंकजेटच्या कित्येक शाया इन्फ्रारेडमध्ये पारदर्शक असतात. लेझर प्रिंटरचा टोनर किंवा पेन्सिलीचं ग्रॅफाइट काळंच राहतं. काळी चिकटपट्टी वापरणार असशील तर आधी घरी टॉर्चखाली बघून घे.

रिंगांचे आणि माउंटचे स्क्रू कंपनीनं सांगितलेल्या जोरानंच आवळ, ‘अजून थोडं’ म्हणून पिळू नकोस. शेवटी स्क्रीनवरचे, क्रॉसहेअरची जागा सांगणारे एक्स आणि वायचे आकडे, काडतुसाचं नाव आणि गोळीचं वजन दस्त्यावर आतल्या बाजूला चिकटवून ठेव. सॉफ्टवेअर अपडेटनंतर सेटिंग पुसलं गेलं किंवा चुकून दुसरंच प्रोफाइल (दुसऱ्या काडतुसासाठी साठवलेला झिरो) चालू राहिलं, तर ते दोन आकडे तुझी सकाळ वाचवतील. काडतूस बदललंस तर नवं प्रोफाइल, जुन्यावर गिरवायचं नाही.

आता १०० मीटरवर जा. नळी पूर्ण गार होऊ दे आणि पहिली गोळी कुठे लागते ते वेगळं लिहून ठेव, कारण शिकारीत तीच पहिली आणि बहुतेक वेळा एकुलती एक असते. मग तीन-तीनचे गट. थोडं वर-खाली आलं तर दुरुस्ती तिथेच कर, परत २५वर येऊन नाही.

दुर्बिणीची उंची आणि काडतुसाच्या खोक्यावर छापलेला वेग एवढे दोनच आकडे कळव. तुझ्या गोळीला २५वर नेमकं किती खाली पडायला हवं ते मी काढून पाठवतो, आणि चौकटींचा कागदही आखून देतो.

तुझा,
मधू